बॅरन किती वेळा फुटला, याची नोंद बेटावर नाही, गाळात आहे

प्रश्न थोडक्यात असा. एक कुटुंब डिसेंबरात अंदमानला चाललंय. टूरवाल्याने बोटीतून 'बॅरन आयलंड' दाखवतो म्हणून सांगितलंय. नववीतल्या मुलीने नेटवर वाचलं, की भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी तो हाच, आणि दीडशे वर्षं झोपून तो १९९१ मध्ये अचानक उठला. तिचे प्रश्न तीन: सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, मग तो असा टोकदार का नाही? बॅरन आजवर नक्की किती वेळा फुटला? आणि आता कधी मोठा फुटेल का? आईने खाली हळूच विचारलंय, बोटीने जावं ना?

आधी उत्तर कुठून येतंय ते सांगतो. मी ज्वालामुखीवर चढणारा माणूस नव्हे. माझं आयुष्य समुद्रतळाचा गाळ उपसण्यात गेलं. जहाजावर रात्रपाळी करायची, लोखंडी नळी तळात घुसवायची, वर आलेला चिखल उभा चिरायचा आणि त्यात काय काय येऊन पडलंय ते बघायचं. अंदमान समुद्रातल्या फेऱ्यांत बॅरन लांबून पाहिलं आहे, त्याच्या किनाऱ्याला पाय लावलेला नाही. राख मात्र दातांखाली आलेली आहे, अगदी शब्दशः. ते पुढे येईलच.

पोर्ट ब्लेअरपासून (आता श्रीविजयपुरम, माझ्या तोंडात जुनंच नाव बसलंय) ईशान्येला सुमारे १३५ किलोमीटरवर हे बेट आहे. जेमतेम ३ किलोमीटर रुंद. सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून ३५४ मीटर. आपल्याकडे एवढ्या उंचीच्या टेकडीला कोणी नावही देत नाही. पण डोंगराचा पायथा समुद्रसपाटीला नाही, तो २,२५० मीटर खाली आहे. तिथून मोजलं तर २,६०० मीटरचा डोंगर होतो, कळसूबाईच्या उंचीपेक्षा जवळजवळ हजार मीटर जास्त. तुम्हाला बोटीतून दिसणार ती त्याची टोपी.

टोपीही धड नाही. बेट म्हणजे एक मोठा गोल कडा, आतून पोकळ, साधारण २ किलोमीटर रुंद. भिंती अडीचशे ते साडेतीनशे मीटर उंच, आणि पश्चिमेची बाजू समुद्राकडे उघडी. या पोकळीला काल्डेरा म्हणतात. तिच्या मधोमध काळ्या रेतीचा आणि दगडगोट्यांचा एक शंकू बसलाय. एका बाजूने फुटलेल्या कढईत मोदक ठेवावा, तसं. बातम्यांमध्ये धूर सोडताना दाखवतात तो हा मोदक. लोक त्यालाच ज्वालामुखी समजतात. खरा ज्वालामुखी म्हणजे ती कढई, आणि कढईखालचा दोन किलोमीटरांचा पाण्यातला डोंगर. हिमयुग संपण्याआधी कधीतरी एक जबर स्फोट झाला, माथा आत बसला आणि कढई तयार झाली. मोदक त्यानंतरचा.

आता मुलीचा पहिला प्रश्न, आणि तो फार चांगला आहे, कारण त्याचं पाठ्यपुस्तकी उत्तर बॅरनला पुरतं लागू पडत नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं, की दख्खनचा लाव्हा पातळ होता म्हणून पसरला आणि शंकूवाल्या ज्वालामुखीचा लाव्हा चिकट असतो म्हणून ढीग होतो. फुजीसारख्या डोंगरांचं चित्र शेजारी छापलेलं असतं. पण बॅरनचा बहुतेक दगड बेसाल्टच आहे! आपल्या घाटातल्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद. मुंबईच्या आयआयटीतले हेतू शेठ आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले ज्योतिरंजन राय यांच्या गटाने २००९ मध्ये बॅरनवर जो सविस्तर लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच त्यांनी हे बेसाल्टी जातीचं स्तरित ज्वालामुखी आहे असं म्हटलंय. म्हणजे घडण शंकूची आणि माल बराचसा आपल्याकडचाच.

मग फरक कशाने पडला? मुख्यतः दोन गोष्टींनी. एक, वाट. दख्खनचा लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला, आणि एकेका खेपेला इतका आला की मैलोन्‌मैल शेतात पाणी भरावं तसा भरत गेला. आज झीज होऊनसुद्धा ५ लाख चौरस किलोमीटर शिल्लक आहे. त्यात टोक कुठून येणार? आपल्याकडच्या डोंगरांना टोकं आहेत ती पावसाने आणि नद्यांनी कोरून काढलेली, ज्वालामुखीची नव्हेत. बॅरनचा लाव्हा मात्र त्याच त्या नळीतून, थोडाथोडा, हजारो खेपांत आला. आज लाव्हाची एक जीभ, उद्या रेतीचा एक थर, परवा राख. एकाच जागी टोपली रिकामी करत राहिलं तर ढीगच होणार.

दुसरी गोष्ट पाणी. समुद्राचं पाणी नव्हे, शिलारसात विरघळलेलं पाणी. भारताला वाहणारी जी प्लेट आहे, तिचा पूर्वेकडचा समुद्राखालचा भाग अंदमानच्या पश्चिमेला बर्मा प्लेट नावाच्या चिंचोळ्या तुकड्याखाली घुसतो. खाली जाताना तो भिजलेली माती आणि ओले दगड घेऊन जातो. शंभरेक किलोमीटर खोलीवर दाबाने आणि उष्णतेने त्यातलं पाणी पिळून निघतं, वरच्या तापलेल्या दगडात शिरतं, आणि तो दगड एरवी वितळला नसता तो वितळतो. मिठाने बर्फ वितळतो, तसाच हा प्रकार. असा शिलारस वर येताना दाब कमी झाला की त्यातली वाफ फसफसते. गदागदा हलवलेली सोड्याची बाटली उघडल्यासारखी. लाव्हा उसळून हवेत फाटतो, त्याचे गोळे आणि चुरा होऊन आजूबाजूला पडतो. दख्खनच्या शिलारसात हे पाणी बेताचंच होतं, म्हणून तो बराचसा मुकाट वाहिला.

अंदमानची मोठी बेटं ज्वालामुखीची नाहीत, हेही इथेच सांगून टाकतो, कारण तिथून परत आलेले लोक हमखास उलटं सांगतात. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, बाराटांग ही सगळी जमीन म्हणजे खाली घुसणाऱ्या प्लेटवरून खरवडून निघालेला गाळ आणि समुद्रतळाच्या दगडांची ढेकळं. नांगराच्या फाळापुढे माती साचते तशी साचलेली. बाराटांगला जे 'मड व्होल्कॅनो' दाखवतात त्याचाही लाव्हाशी काही संबंध नाही, तो गॅसच्या दाबाने उकलणारा थंड चिखल. खऱ्या ज्वालामुखींची रांग त्याच्या मागे, पूर्वेला आहे. दक्षिणेला सुमात्रा, मग बॅरन, मग सुमारे १३५ किलोमीटर उत्तरेला नारकोंडम, आणि पुढे म्यानमारात माउंट पोपा. नारकोंडम बॅरनहून दुप्पट उंच, दाट जंगलाचं, आणि शांत. त्याचं नाव 'नरककुंड'वरून आलं असावं असं म्हणतात, आणि ते बहुधा मुळात बॅरनचं असून नकाशे काढणाऱ्यांच्या हातून शेजाऱ्याला चिकटलं असावं. मला हे पटतं. हिरव्यागार नारकोंडमला नरक कोण म्हणेल?

वयाचं आता. २०१५ मध्ये राय, आयआयटीतले कांचन पांडे आणि रजनीश भूतानी यांनी बेटावरच्या जुन्या लाव्हाचं वय आर्गॉन वायूच्या मोजणीने काढलं. पाण्याच्या वर दिसणारा सर्वांत जुना लाव्हा १५ लाख ८० हजार वर्षांचा निघाला. दख्खनच्या तुलनेत हे काल परवाचं. पण त्याच लाव्हात फेल्डस्पार या खनिजाचे काही मोठाले स्फटिक सापडले, ते १० कोटी ६० लाख वर्षांचे! दहा कोटी वर्षांचा स्फटिक सोळा लाख वर्षांच्या दगडात कसा? शिलारस वर येताना वाटेतल्या जुन्या खडकाचे तुकडे सोबत घेऊन आला. पूर आलेल्या ओढ्याने काठचं घरदार वाहून आणावं तसं. बेटाखालची जमीन किती जुनी आहे, हे तिथे एकही भोक न पाडता त्या तुकड्यांनी सांगितलं. आणि १६ लाख हा बेटाच्या डोंगराचा जन्म नव्हे हे लक्षात ठेवा. ते पाण्याच्या वर आलेल्या भागाचं वय आहे. खालचे दोन किलोमीटर त्याआधी रचले गेले असणारच.

आता दुसरा प्रश्न, किती वेळा फुटला. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण याच बाबतीत सगळीकडे चुकीचं लिहिलेलं वाचून माझा जीव कंटाळलाय.

छापील यादी अशी आहे: १७८७, १७८९, १७९५, १८०३-०४, १८५२, मग एकदम १९९१. १७८७ मध्ये रॉबर्ट कोलब्रुक नावाच्या सर्वेक्षकाने जहाजावरून धूर पाहिला. १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर, ज्याच्या नावाचं बंदर आहे तोच, जवळ गेला. तीन-चार टनांचे दगड वर फेकले जात होते असं त्याने नोंदवलंय. १८०३ च्या नोव्हेंबरात जाणाऱ्या जहाजांना दर १० मिनिटांनी एक स्फोट आणि काळ्या धुराचा खांब दिसत होता. हे वर्णन आजच्या बॅरनशी इतकं जुळतं, की तारीख झाकून वाचलं तर कालचं वाटेल.

आता या यादीकडे जरा संशयाने बघा. पहिल्या चार नोंदी सतरा वर्षांत दाटीवाटीने बसल्यात. त्याआधी काही नाही. म्हणजे ज्वालामुखी १७८७ ला जन्मला का? ब्लेअरची अंदमानातली वसाहत १७८९ ते १७९६ एवढीच टिकली. ज्या काळात लिहिणारी माणसं त्या पाण्यात होती, त्याच काळात नोंदी दाट आहेत. ही यादी बॅरन कधी फुटला याची जेवढी आहे, तेवढीच कोणाच्या हातात वही होती याचीही आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरला काळ्या पाण्याची वसाहत सुरू झाली आणि तेव्हापासून तिथे सरकारी माणसं कायम आहेत. १८८४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मॅलेट यांनी बेटावर जाऊन नकाशासकट सगळं मांडलं, तेव्हा तिथे वाफ, गंधक आणि उतरण्याच्या जागेपाशी लाव्हाखालून येणारं कोमट पाणी होतं, स्फोट नव्हते. म्हणजे १८५२ नंतरची मोठी शांतता खरी धरायला हरकत नाही. (१८५२ ते १९९१ ही १३९ वर्षं होतात. दीडशे म्हणायची सवय कोणी लावली कोण जाणे.) पण बारीकसारीक उद्रेक? पृथ्वीच्या गोलाईचा साधा हिशोब करा. १३५ किलोमीटरवरून, समुद्राच्या पातळीवर उभं राहून धुराचं टोक दिसायचं तर तो खांब सुमारे दीड किलोमीटर चढायला हवा. एखादा आठवडाभर तीन-चारशे मीटर रेती उडाली आणि थांबली, तर पोर्ट ब्लेअरात चहा पिणाऱ्या साहेबाला त्याचा पत्ताही लागणार नाही. आज उपग्रह आहेत, रात्री एखादा तापलेला ठिपका दिसला तरी नोंद होते. म्हणूनच अलीकडच्या नोंदी दाट दिसतात. बॅरन अलीकडे जास्त चवताळलाय असं सांगणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. १९९१ पासून तो खरोखर जास्त जागा आहे हे मान्य, पण किती जास्त हे त्या दोन याद्या एकमेकींना जोडून काढता येत नाही.

खरी वही समुद्रतळाशी आहे. तिथे कोणी लिहिणारा लागत नाही.

आमचं काम कसं चालतं ते सांगतो. जहाज एका जागी धरून ठेवायचं, आणि शिशाची वजनं लावलेली लोखंडी नळी तारेने खाली सोडायची. तळ आला की ती आपल्याच वजनाने चिखलात घुसते. आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं, ते वर आल्यावर बाहेर ओढायचं, उभं चिरायचं आणि मधला गाळ पातळ तारेने दोन फाळी करायचा, सुरळीच्या वडीसारखा. अंदमान समुद्रातला गाळ ओल्या शाडूसारखा मऊ, रंगाने हिरवट करडा. पहिले पंधरावीस सेंटिमीटर काहीच नाही. मग एकदम काळी रेघ. कधी पेन्सिलीने ओढल्याएवढी, कधी दोन बोटं जाड. खालची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ, वरची कड धुरकट होत मातीत मिसळलेली. राख वरून एकदम पडली आणि मग किड्यांनी हळूहळू वरची माती तिच्यात कालवली, याची ती खूण. काळी रेघ नुसत्या चिखलाचीही असू शकते, म्हणून आमच्या धंद्यातली जुनी युक्ती: चिमूटभर दातांत धरायची. चिखल लोण्यासारखा निसटतो, राख करकरते. पाहुण्या विद्यार्थ्यांसमोर मी हे केलं की ती तोंडं वाकडी करतात, आणि परतीच्या वाटेवर सगळी चाखून बघतात.

नंतर चाळणीवर धुवायची, सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायची. तपकिरी काचेचे तुकडे दिसतात, आत फुग्यांची भोकं, कडा फुटक्या बाटलीसारख्या धारदार. मध्येच फेल्डस्पारचा स्वच्छ स्फटिक. आणि काचेच्या वरखालच्या मातीत तांदळाच्या कणीहून बारीक शंख, समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय जीवांचे. शंखांचं वय कार्बनवरून काढता येतं. राखेच्या वरचा आणि खालचा शंख मोजला की राखेचं वय त्या दोहोंच्या मध्ये अडकतं.

बॅरनच्या आग्नेयेला ३२ किलोमीटरवरून काढलेल्या अशा एका गाभ्यात (नळीतून निघालेल्या गाळाच्या कांडीत) गेल्या सुमारे ७२ हजार वर्षांची वही सापडली. २०१० मध्ये ती छापून आली. तीत राखेचे किमान सात थर आहेत. जुने तीन साधारण ७० ते ६१ हजार वर्षांपूर्वीचे, मग भलीमोठी मोकळी जागा, आणि नंतरचे चार २४ ते १२ हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यानचे. रासायनिक ठसा बॅरनचाच.

आता यातलं मर्म. आजकाल बॅरनवर जे उद्रेक होतात, त्यांची राख ३२ किलोमीटरवर एवढी तुरळक पडते की डोळ्यांना दिसेल असा थर बनत नाही. म्हणजे 'सात' हा आकडा फक्त दांडग्या स्फोटांचा आहे. त्यातही वारा त्या दिवशी आग्नेयेकडे असला तरच. १७८७ पासूनची छापील यादी आणि गाळातली यादी यांच्यात एकही नोंद समान नाही, आणि तसं असणंच बरोबर आहे. एक वही शेजारणीच्या कुरबुरींची, दुसरी वाडा जळाल्याची. त्यामुळे "किती वेळा" याला एक आकडा द्यायला मी तयार नाही. नळीतून माल बाहेर पडण्याच्या खेपा हजारांत असतील. दूरवर राख पसरवणारे स्फोट ७२ हजार वर्षांत किमान सात. माणसाने पाहून लिहिलेले उद्रेक, मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे, दहाबारा ते वीसेक.

गाळातल्या राखेचा विषय निघालाच आहे म्हणून एक घरचं. याच ज्वालामुखी रांगेतला सुमात्रातला टोबा फुटला तेव्हा त्याची राख थेट महाराष्ट्रात आली. जुन्नरच्या बाजूला कुकडी नदीच्या काठी बोरीला ती पांढुरक्या थराच्या रूपात अजून दिसते. ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की टोबाच्याच त्याहून फार जुन्या एका स्फोटाची, यावर भांडण चालू आहे. मुलीला ज्वालामुखीची राख हातात घ्यायची असेल तर अंदमानच्या तिकिटाआधी बोरी स्वस्त पडेल.

१९९१ पासूनचं पटकन सांगतो, कारण ते सगळीकडे मिळतं. त्या एप्रिलच्या सुरुवातीला उद्रेक सुरू झाला, सहा-सात महिने चालला, लाव्हा पश्चिमेच्या उघड्या बाजूने समुद्रात उतरला. डिसेंबर १९९४ मध्ये पुन्हा सुरू, १९९५ च्या मध्यापर्यंत. मग मे २००५. त्याच्या पाच महिने आधी, २६ डिसेंबर २००४ ला ९.१ तीव्रतेचा भूकंप आणि त्सुनामी झालेली, म्हणून लोकांनी दोन्हींची गाठ मारली. एवढ्या मोठ्या हादऱ्याने तयार असलेल्या शिलारसाला वाट मिळू शकते. पण १९९१ आणि १९९४ ला असा कोणताही महाभूकंप न होता तो फुटलाच होता, त्यामुळे मी ती गाठ फार घट्ट मारत नाही. २००५ नंतर तो मध्येमध्ये दम घेत धुमसतोच आहे. सप्टेंबर २०२५ मध्येही त्याने पुन्हा राख उडवली.

यातलं सगळ्यात चमत्कारिक काय असेल तर तो मोदकच. रेतीचे असे शंकू एकदाच पेटतात आणि विझले की कायमचे विझतात. मेक्सिकोतला पारिकुटिन १९४३ मध्ये मक्याच्या शेतातून उगवला, १९५२ ला थंडावला, तिथून पुन्हा काही आलं नाही. बॅरनचा शंकू मात्र १७८७ पासून त्याच तोंडाने बोलतोय. शेठ यांनी २०१४ मध्ये याच कोड्यावर स्वतंत्र लेख लिहिला. उत्तराचा गाभा असा, की हा सुटा शंकू नाहीच. खाली मोठ्या ज्वालामुखीची मुरलेली नळी आहे, शंकू फक्त तिच्या तोंडावर जमलेली खपली. खपली पडते, पुन्हा धरते.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी हे फार जवळून पाहिलं. २३ जानेवारी २०१७ ला अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखालचा गट 'सिंधु संकल्प' जहाजावरून बॅरनजवळ गाळच काढत होता, आणि समोर ज्वालामुखी सुरू झाला. पाच-दहा मिनिटांचे उद्रेक, मध्ये विश्रांती, पुन्हा उद्रेक. दिवसा फक्त राखेचे ढग दिसत होते. अंधार पडल्यावर कळलं की आत लाल लाव्हाची कारंजी आहेत आणि उतारावरून ओघळ वाहताहेत. हे लक्षात ठेवा, तुम्हाला बोटीवर उपयोगी पडेल. मला मात्र त्या बातमीने वाईट वाटलं. आम्ही गेलो तेव्हा नेमका तो झोपलेला.

तिसरा प्रश्न, मोठा फुटेल का. वही सांगते की पूर्वी फुटलाय, आणि दोन मोठ्या स्फोटांमधली अंतरं हजारो वर्षांची आहेत. ठरलेली पाळी त्यात दिसत नाही, त्यामुळे "आता वेळ झाली" असं कोणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. सध्याचे उद्रेक जगाच्या मापाने छोटे आहेत. खरा रोजचा त्रास विमानांना होऊ शकतो, म्हणून ऑस्ट्रेलियातलं डार्विनचं राख-सूचना केंद्र त्याच्यावर नजर ठेवून असतं.

त्सुनामीचं विचारतातच लोक. डिसेंबर २०१८ मध्ये इंडोनेशियातल्या अनाक क्राकाताउचा एक काठ समुद्रात कोसळला आणि लाटेने चारशेहून जास्त माणसं गेली. बॅरनचं तसं होईल का? अनाक क्राकाताउ १८८३ च्या जुन्या खड्ड्याच्या काठावर, उतारावर तोल सांभाळून वाढलेला होता. बॅरनचा शंकू कढईच्या मध्यात, तीन बाजूंनी भिंतीत बसलाय. तो ढासळला तर बराचसा कढईतच पडेल. उघडी बाजू पश्चिमेची, आणि पश्चिमेलाच अंदमानची वस्ती, हे खटकतं खरं. बेटाचे बाहेरचे उतारही दोन किलोमीटर खोल जातात. मला विचाराल तर काळजी शंकूची नको, त्या बाहेरच्या उतारांची नीट, पुन्हापुन्हा मोजणी व्हायला हवी.

आणि बोटीचं. जावं की. बेटावर उतरू देत नाहीत, आणि उतरायचा हट्टही करू नका. लाव्हाची पृष्ठं म्हणजे वीटभट्टीतल्या खंगराचा ढीग, बूट फाडतो. तिथे माणूस राहत नाही, फक्त रानटी झालेल्या शेळ्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोर्ट ब्लेअरच्या एका आगबोटीने त्या सोडल्या म्हणतात. त्या समुद्राचं पाणी पिऊन जगतात अशी कथा तुम्हाला बोटीवर ऐकवतील. बेटाच्या आग्नेय भागात गोड्या पाण्याचे झरे आहेत. डिसेंबरात समुद्र खवळू शकतो, उलटीची गोळी बोट सुटण्याआधी घ्या, नंतर उपयोग नाही. परतायला संध्याकाळ होणार असेल आणि बोटवाला तयार असेल, तर दिवस मावळेपर्यंत थांबा.

मुलीसाठी दुर्बीण न्या. बोट पश्चिमेला आली की सगळे शंकूचे फोटो काढायला धावतील. तिला म्हणावं, कढईची भिंत उत्तरेला आणि दक्षिणेला जिथे तुटलीय ती दोन टोकं बघ. तिथे डोंगराचा आडवा छेद आयता मिळतो: काळा लाव्हा, तांबूस रेती, करडी राख, पुन्हा लाव्हा. मग मोबाइलची कड क्षितिजाला लावून ते थर कसे चाललेत ते बघायचं. खंडाळ्याच्या किंवा माळशेजच्या घाटात अशीच कड धरली तर थर जवळजवळ तिला समांतर जातात. इथे ते मधल्या तोंडापासून बाहेरच्या बाजूला, समुद्राकडे उतरत गेलेले दिसतील.